पोरवयाचें रणांगण : एका जपानी चित्रमालिकेची हकीकत

आमच्या माजघरांतील कांचेच्या कपाटांत पूर्वीं सावंतवाडीचीं लाकडी फळें मांडलेलीं असत. गेल्या वर्षापासून त्यांच्या शेजारीं एक वीतभर उंचीचा पांढरा यंत्रमानव उभा आहे. धाकट्या भावाच्या मुलानें सुटीचे आठ दिवस खर्चून, चिमट्यानें एकेक तुकडा जुळवून तो उभा केला. त्या आठ दिवसांत पानावर बसण्यासाठीं त्याला तीन-तीन हाका माराव्या लागत. शेवटीं आमच्या काकू चिडून म्हणाल्या, “अरे, त्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यापायीं जेवणखाण सोडलेंस कीं काय?” त्यावर त्यानें मान वर न करतांच उत्तर दिलें, “आजी, हा नुसता बाहुला नाहीं. ह्याच्या आंत एक पंधरा वर्षांचा मुलगा बसलेला असतो, आणि त्याला लढायचें नसतें.”

या उत्तरानें माझें कुतूहल जागें झालें. लहान मुलांचीं हलतीं चित्रें म्हणजे उंदीर-मांजरांच्या पळापळीचा खेळ, अशी माझी समजूत. आणि यंत्रमानवांचीं जपानी चित्रें म्हणजे लोखंडाची आदळआपट, अशी त्याहून घट्ट समजूत. तथापि पुतण्याच्या आग्रहानें आम्हीं घरांतील मंडळी रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकत्र बसून ती मालिका पाहूं लागलों. प्रथम काकू जपाची माळ घेऊन कोपऱ्यांत बसत. दहाव्या भागाच्या सुमारास माळ बाजूला राहिली. त्या पाहण्यांतून आणि मागाहून केलेल्या वाचनांतून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मालिकेचें जगभर रूढ झालेलें नांव ‘मोबाइल सूट गंडम’. जपानांतील नागोया येथील दूरचित्रवाणी केंद्राच्या वतीनें ७ एप्रिल १९७९ रोजीं, शनिवारीं सायंकाळीं, तिचा पहिला भाग दाखविण्यांत आला. कथा भविष्यकाळांत घडते. पृथ्वीवर माणसांची दाटी झाल्यामुळें मानवजातीचा मोठा भाग अंतराळांतील वसाहतींत राहावयास गेलेला आहे, आणि त्या स्थलांतरापासून नवा ‘वैश्विक शक’ सुरू झाला आहे. या वसाहती म्हणजे मैलोगणती लांबीचीं पोकळ नळकांडीं. तीं स्वतःभोंवतीं फिरत राहतात आणि त्या फिरण्यामुळें आंतल्या भिंतीवर माणसांना आपलें वजन जाणवतें, तेथेंच घरें, झाडें, शाळा आणि रस्ते आहेत. ही कल्पना मालिकाकारांची नव्हे. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जेरार्ड ओनील यांनीं १९७४ सालीं अशा वसाहतींचा आराखडा प्रसिद्ध केला होता. त्यांतील मोठें नळकांडें सुमारें ३२ किलोमीटर लांबीचें होतें. गणित कागदावर होतें. त्यांत माणसें राहावयास गेलीं तर तीं परस्परांशीं कशीं वागतील, हा प्रश्न कथाकारांनीं घेतला.

तीं वागतात आपल्या परिचयाच्याच रीतीनें. वैश्विक शकाच्या ७९ व्या वर्षीं दूरच्या एका वसाहतसमूहानें ‘झिऑन’ या नांवानें स्वतंत्र राज्य घोषित करून पृथ्वीच्या संघराज्याविरुद्ध युद्ध पुकारलें आहे. एक आख्खी वसाहत कक्षेंतून ढकलून पृथ्वीवर पाडण्यांत आली आहे, आणि पहिल्या महिन्याभरांतच निम्मी मानवजात नाहींशी झाली आहे. हें सारें प्रत्येक भागाच्या आरंभीं एक घोगरा, शांत आवाज सांगून जातो. दोन्ही पक्ष थकून आठ महिने नुसते समोरासमोर उभे आहेत, आणि तेथें कथेचा पडदा उघडतो.

आतां हें सर्व जन्मास कसें आलें तें पाहूं. कारण त्या हकीकतींत नाटक कमी नाहीं. ओसामु तेझुका यांच्या ‘मुशी’ चित्रशाळेंतून बाहेर पडलेल्या कांहीं मंडळींनीं १९७२ सालीं नवी संस्था काढली. तीच पुढें ‘सनराइज’ म्हणून प्रसिद्धीस आली. त्या काळीं यंत्रमानवांच्या मालिकांचा पैसा खेळणींवाले पुरवीत, आणि मालिका ही खरोखर त्या खेळण्याची अर्ध्या तासाची जाहिरात असे. दर आठवड्यास एक राक्षस यावा, यंत्रमानवानें त्याचा निःपात करावा आणि मुलांनीं दुकानाकडे धांवावें, हा ठरलेला क्रम. या मालिकेसही ‘क्लोव्हर’ नांवाच्या खेळणींवाल्या कंपनीचाच आश्रय होता. चित्रशाळेंतील मंडळींच्या मनांत मात्र प्रथम निराळेंच बीज होतें. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकारानें निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची एक कथा लिहिली आहे. तशींच मुलें एका अंतराळजहाजावर अडकलीं तर? त्यांत अमेरिकन लेखक रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ सालच्या कादंबरींतील यांत्रिक चिलखताची कल्पना मिसळली. सैनिकानें अंगांत घालावयाचें तें चिलखत येथें अठरा मीटर उंच झालें, कारण खेळणें विकावयाचें तर तें माणसाएवढें असून भागत नाहीं! आरंभीं मालिकेचें नांव ‘गनबॉय’ असें योजिलें होतें. त्यावरून पुढें ‘गंडम’ झालें.

दिग्दर्शक योशियुकि तोमिनो यांचा जन्म १९४१ सालचा, ओदावारा गांवचा. १९६४ सालीं ते तेझुकांच्या चित्रशाळेंत शिरले आणि पुढें अनेक संस्थांसाठीं चित्रपटांचे कच्चे आराखडे भराभर काढून देणारा कारागीर म्हणून त्यांचा लौकिक झाला. १९७७ सालीं त्यांनीं ‘झांबोट ३’ नांवाची मालिका केली. तींत एकच कुटुंब परक्या शत्रूशीं लढतें, आणि घरेंदारें उद्ध्वस्त झालेले गांवकरी शत्रूला शिव्याशाप देण्याऐवजीं या कुटुंबालाच देतात. मुलांच्या कार्यक्रमांत अशी गोष्ट दाखविण्याचें धाडस ज्यानें केलें, त्याच्या हातीं ‘गंडम’ आली. पात्रांचीं चित्रें योशिकाझु यासुहिको यांचीं. विद्यार्थी-चळवळींत भाग घेतल्यामुळें हिरोसाकी विद्यापीठानें त्यांना काढून टाकलें होतें आणि मग पोटासाठीं ते या व्यवसायांत आले. ठरीव छापाचे नायक काढण्याचा त्यांना कंटाळा असावा. त्यांचीं माणसें वांकतात, खांदे पाडतात, नजर चुकवितात. यंत्रें काढलीं तीं कुनिओ ओकावारा यांनीं. यंत्राचा रंग पांढुरकाच असावा अशी कर्त्यांची इच्छा. तांबडा-निळा-पिवळा पाहिजेच असा दुकानदाराचा हट्ट. कपाटांतला आमचा बाहुला या तडजोडीची साक्ष देत उभा आहे.

कथानायक आमुरो रे हा शूर नाहीं. नखें कुरतडणारा, खोलींत एकटा यंत्रें जुळवीत बसणारा, शेजारच्या मुलीनें आठवण केली तर जेवणारा असा तो पंधरा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या वसाहतींत लष्कराचें गुप्त यंत्र आणलें जातें, त्यामागोमाग शत्रु येतो, आणि डोळ्यांदेखत शेजारपाजार जळूं लागल्यावर तो त्या यंत्रांत चढून बसतो. हातांत माहितीपुस्तक, आणि तें वाचतां वाचतां पहिला पराक्रम! शेजारची मुलगी फ्राव त्या एका सकाळींच आई आणि आजोबा दोघांस मुकते. वांचलेलीं माणसें ‘व्हाइट बेस’ नांवाच्या युद्धनौकेवर गोळा होतात. वडीलधारे सैनिक मेलेले किंवा जखमी. तेव्हां नौकेचा कारभार ब्राइट नोआ या एकोणीस वर्षांच्या उमेदवार अधिकाऱ्यावर येऊन पडतो. नौका चालविते मिराई ही अठरा वर्षांची मुलगी. पायांत घोटाळणारीं तीन चिमुकलीं मुलेंही आहेत. विश्वामित्र यज्ञरक्षणासाठीं रामाला मागावयास आले, तेव्हां माझा मुलगा अजून सोळा वर्षांचाही नाहीं, असें दशरथानें काकुळतीनें सांगितलें होतें. येथें तसें सांगावयास कोणी दशरथच उरलेला नाहीं.

या नौकेचा संसार मोठ्या बारकाईनें दाखविला आहे, आणि आमच्या घरांतील स्त्रियांना मालिकेंत गोडी वाटूं लागली ती त्यामुळेंच असें मला वाटतें. एका भागांत नौकेच्या स्वयंपाकघरांतील मीठ संपतें. आचारी हवालदिल होऊन ब्राइटकडे येतो, आणि ती अजस्र युद्धनौका मध्य आशियांत खाऱ्या पाण्याचें सरोवर शोधीत फिरते. काकूंनीं त्या भागाला मनापासून मान डोलाविली. तोफा-बंदुकांच्या गोष्टींत मिठाचा विचार करणारा माणूस त्यांना प्रथमच भेटला होता. आणखी एका प्रसंगीं आमुरो लढावयास जाण्याचें साफ नाकारतो, आणि ब्राइट त्याच्या तोंडांत भडकावतो. बापानेंही कधीं हात लावला नव्हता, म्हणून तो मुलगा थक्क होतो. मारणारा त्याच्यापेक्षां चारच वर्षांनीं मोठा आहे, आणि त्याच्याही हाताला कंप सुटलेला असेल, हें पाहणाऱ्याला आपोआप समजतें.

परंतु ज्या भागांमुळें मी हा लेख लिहावयास बसलों, ते भाग आईबापांचे आहेत. पहिल्याच दिवशीं आमुरोनें शत्रूचें यंत्र फोडलें, त्या स्फोटानें वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडलें, आणि त्यांतून जी माणसें शून्यांत फेकलीं गेलीं त्यांत त्याचे वडील टेम रे होते. हेच त्या गंडम यंत्राचे अभियंते. मुलाला याची गंधवार्ताही नाहीं. पुढें तेहतिसाव्या भागांत, एका तटस्थ वसाहतींत, वडील त्याला रस्त्यावर दिसतात. जीव वांचला आहे, पण प्राणवायूच्या अभावानें बुद्धीला ग्रहण लागलें आहे. अडगळीच्या खोलींत बसून ते अजून यंत्र सुधारीत आहेत. मोठ्या अभिमानानें ते मुलाच्या हातांत एक भाग ठेवतात, हा बसव म्हणजे तुझें यंत्र अजिंक्य होईल असें सांगतात. तो भाग कालबाह्य, कवडीमोलाचा. मुलगा तो घेतो, वडिलांच्या दृष्टीआड होतो आणि रस्त्यावर फेकून देतो. तो क्षण पाहिल्यावर आमच्या माजघरांत कोणी बोललें नाहीं.

आईची भेट याहूनही कठीण. वडील मुलाला घेऊन अंतराळांत गेले, आई कामारिया पृथ्वीवरच राहिली. मालिकेच्या तेराव्या भागांत आमुरो अनेक वर्षांनीं तिला भेटावयास जातो. ती निर्वासितांच्या छावणींत सेवा करीत असते. तेवढ्यांत शत्रूचे शिपाई झडतीस येतात. आई त्याला अंथरुणांत निजवून रुग्ण म्हणून लपविते, आणि शिपाई जवळ येतांच पांघरुणाखालून तो गोळी झाडतो. आईचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाहीं. त्या शिपायालाही बायकामुलें असतील, असें ती म्हणते. हें युद्ध आहे, असें तो म्हणतो. दोघांचेंही खरें आहे, आणि दोघांनाही परस्परांचें ऐकूं येत नाहीं. निरोपाच्या वेळीं तो आईला मिठी मारीत नाहीं. टांचा जुळवून लष्करी सलाम करतो. ती जमिनीवर कोसळून रडते. सबंध मालिकेंत शेंकडों यंत्रें फुटतात, परंतु या सलामाइतका मोठा आघात दुसरा नाहीं असें माझें मत आहे.

शत्रुपक्षाचें घर पाहावें तर तें एक भरलें एकत्र कुटुंबच आहे. झिऑनचा वृद्ध राजा देगविन झाबी, त्याचे मुलगे गिहरेन, दोझल आणि गार्मा, आणि मुलगी किशिरिया. धाकटा गार्मा लढाईंत पडल्याची वार्ता येते तेव्हां म्हाताऱ्याच्या हातून काठी गळून पडते. त्याला पोराचा शोक करावयाचा आहे. थोरल्या गिहरेनला त्या प्रेतावर सभा भरवावयाची आहे. सभा भरते, भाषण गाजतें, प्रजा हात उंचावून गर्जना करते. जर्मनींतील १९३० नंतरच्या सभांचीं चित्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हा देखावा कोठून आला हें सांगावयास नको; बाप स्वतःच एकदां मुलाची तुलना हिटलरशीं करतो. शेवटीं बाप शत्रूशीं तहाचें बोलणें करावयास गेला असतां गिहरेन त्याच्यासकट शत्रूचें आरमार जाळून टाकतो, आणि पितृहत्येचा जाब विचारून किशिरिया भावाला गोळी घालते. दोझल तेवढा अंगानें राक्षस पण मनानें गृहस्थ. बायको आणि तान्ही मुलगी यांना सुखरूप पाठवून तो स्वतः मागें राहून मरतो. धृतराष्ट्राच्या घरचे वाटावेत असे हे लोक आहेत.

गार्माचा घात करणारा त्याचा जिवलग मित्रच आहे, आणि जपानांत आमुरोइतकाच, कदाचित् त्याहूनही अधिक, लोकप्रिय झालेला पुरुष तोच. शार अझ्नाबल हें त्याचें नांव. तें फ्रेंच गायक शार्ल अझ्नावूर यांच्या नांवावरून घेतलें आहे. तोंडावर मुखवटा, अंगावर तांबडा पोषाख. खरा तो झिऑनच्या संस्थापकाचा मुलगा. बापाच्या मृत्यूचा संशय झाबी घराण्यावर, म्हणून नांव बदलून तो त्यांच्याच सैन्यांत शिरला आहे. त्याची सख्खी बहीण सेला शत्रूच्या ‘व्हाइट बेस’वर आहे. बहीण त्याला परावृत्त करूं पाहते. तो तिच्यासाठीं सोनें पाठवितो, पण सूड सोडीत नाहीं. या मनुष्याविषयीं माझें मन अखेरपर्यंत निश्चित झालें नाहीं. पुतण्याला तो फार आवडतो. मला वाटतें, सुंदर मुखवट्यामुळें त्याला आपण अधिक क्षमा करतों.

मोठ्या पात्रांच्या गर्दींत दोन लहान पात्रें राहूं नयेत. एक रांबा राल, शत्रूचा अनुभवी सेनानी. आमुरो नौकेवरून पळून वाळवंटांतील खाणावळींत बसलेला असतां रालची सहचरी हामोन त्याला जेवूं घालूं पाहते. मी भिकारी नाहीं, म्हणून पोरगा नाकारतो, आणि राल त्या बाणेदारपणावर खूष होतो. हाच तो वैरी हें ओळखल्यावरही राल त्याला जाऊं देतो, आणि पुढच्या गांठीला दोघे एकमेकांचा जीव घेण्यास उभे राहतात. दुसरी मिहारु, बेलफास्ट येथील पोरकी मुलगी. धाकट्या भावंडांच्या पोटासाठीं ती शत्रूला बातम्या विकते, नौकेवर शिरते, तेथील चिमुकलीं मुलें पाहून तिचें मन फिरतें, आणि नौका वांचविण्याच्या खटपटींत क्षेपणास्त्राच्या झोतानें ती समुद्रांत फेकली जाते. तोंडाळ आणि भित्रा म्हणून हिणविला गेलेला काई त्या दिवशीं मोठा होतो. तीं दोन भावंडें मात्र घरीं वाट पाहत राहिलेलीं आहेत.

आतां आपल्याशीं संबंध असलेलें पात्र. चौतिसाव्या भागांत, सरोवराकांठीं पावसाच्या आडोशाला आमुरोला एक मुलगी भेटते. सांवळा वर्ण, कपाळावर टिकली, शांत मोठे डोळे. ही लाला सून, भारतीय वंशाची. शारनें तिला आश्रय दिला आहे आणि तिच्या अलौकिक मनःशक्तीचा तो युद्धांत उपयोग करून घेतो. अंतराळांत राहूं लागल्यावर माणसांची जाणीव विस्तारेल, शब्दांवांचून एकाचें मन दुसऱ्यास कळेल, अशी या कथेंतील कल्पना आहे. आमुरो आणि लाला रणांत समोरासमोर येतात तेव्हां त्यांचीं मनें क्षणमात्र एकरूप होतात. कां लढतोस, तुला तर राखावयाचें कोणीच नाहीं, असें ती त्याला विचारते. आणि पुढच्याच चकमकींत शारला वांचविण्यासाठीं ती आडवी येते आणि आमुरोच्या शस्त्रानें मरते. प्रसंग हृदयद्रावक आहे, यांत शंका नाहीं. पण माझी एक तक्रार आहे. भारतीय म्हटली कीं ती गूढ, मुकी आणि आत्मज्ञानी असलीच पाहिजे काय? फ्रावला आई होती, आजोबा होते. मिहारुला भावंडें होतीं. लालाचें घर कोठें, तिचीं माणसें कोण, हें एका वाक्यानेंही कळत नाहीं. आमच्या सूनबाईंचें म्हणणें असें कीं तिला भाषा थोडी देऊन कर्त्यांनीं तिला हंसासारखी सुंदर केली आणि हंसासारखीच मारली.

मालिका प्रथम पडली. मुलांना ती समजेना, खेळणीं खपेनात, आश्रयदात्यानें हात आखडला. बावन्न भागांचा बेत त्रेचाळिसांवर उरकावा लागला. त्यांतच यासुहिको आजारी पडून इस्पितळांत गेले आणि उत्तरार्धांतील चित्रें ठिकठिकाणीं उतरलीं. हें आजही डोळ्यांना जाणवतें. परंतु शेवट होण्यापूर्वींच मोठ्या वयाचे विद्यार्थी तिच्याकडे वळले होते. पुनःप्रक्षेपणानें त्यांची संख्या वाढली. जुलै १९८० मध्यें ‘बंदाई’ कंपनीनें तीनशें येन किंमतीचा, तुकडे जुळवून करावयाचा गंडम बाजारांत आणला, आणि मग दुकानांपुढें रांगा लागल्या. १९८२ च्या जानेवारींत तर चिबा प्रांतांतील एका दुकानांत या खेळण्यासाठीं धांवणारीं मुलें सरकत्या जिन्यावर कोसळून जखमी झालीं. तीन चित्रपटांच्या रूपानें कथा पुन्हां सांगण्यांत आली. पहिला मार्च १९८१ मध्यें निघाला. त्यापूर्वीं २२ फेब्रुवारीस टोकियोंतील शिंजुकु स्थानकासमोर झालेल्या मेळाव्यास हजारोंच्या संख्येनें तरुण लोटले. गर्दी इतकी झाली कीं तोमिनोंना स्वतः व्यासपीठावरून शांत राहण्याची विनंती करावी लागली. तिसऱ्या चित्रपटासाठीं बरे झालेल्या यासुहिकोंनीं बरींच चित्रें नव्यानें काढलीं, आणि २००१ पासून दहा वर्षें खपून त्यांनीं तीच कथा चित्रग्रंथांच्या रूपानें आपल्या हातानें पुन्हां सांगितली. मूळ खेळणींवाली ‘क्लोव्हर’ कंपनी मात्र १९८३ सालीं बुडाली. योकोहामाच्या बंदरावर डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत अठरा मीटरांचा, पाऊल उचलणारा गंडम उभा होता.

शेवटचा भाग आम्ही एका रविवारीं रात्रीं पाहिला. शत्रूचा किल्ला जळतो आहे, गंडमचें डोकें आणि हात तुटले आहेत, आणि आमुरो एकटा आंत अडकला आहे. तेथून तो मनानेंच आपल्या सोबत्यांना एकेकाला वाट दाखवून बाहेर काढतो. सगळे वांचतात, त्याचा पत्ता नाहीं. त्याचा ठाव कोणाही मोठ्याला लागत नाहीं, तो लागतो त्या तीन चिमुकल्या मुलांना. तीं बोटानें दाखवीत त्याला हांक घालतात, आणि ज्वाळांतून त्याचें लहानसें विमान बाहेर येतें.

पडदा काळा झाला, तरी कोणी उठेना. मग काकूंनीं माळ शोधतां शोधतां विचारलें, “आणि त्याच्या आईला कोणी कळविलें कां रे?”

पुतण्या बराच वेळ आठवीत बसला. त्या त्रेचाळीस भागांत तें कोठेंच सांगितलेलें नाहीं.